हिरोयुकी सानादा आणि आशियाई मारधाडपट: पंख्यांनी इकडे यावे

रात्रपाळी (धागाकर्ता)

मारधाडीचे सिनेमे आवडतात असं म्हटलं की समोरचा अजूनही "अच्छा, असले बघता होय" अशा नजरेने बघतो. त्या मंडळींशी वाद घालायचा मला कंटाळा आलाय. हा धागा ज्यांना आधीच पटलेलं आहे त्यांच्यासाठी. हाँगकाँग, कोरिया, थायलंड, इंडोनेशिया, जपान, सगळं चालेल. बॉलिवूड-टॉलिवूडसाठी इथे ढीगभर धागे आहेत, ते इकडे नकोत.

सुरुवात माझ्या लाडक्या नटापासून करतो: हिरोयुकी सानादा.

२०२४ च्या सप्टेंबरात 'शोगुन' या सामुराईंवरच्या मालिकेला एकाच सीझनसाठी १८ एमी (अमेरिकेतली टीव्हीची पारितोषिकं) मिळाले. तो विक्रम आहे. मुख्य अभिनेत्याचं एमी सानादाला मिळालं आणि ड्रामा मालिकेसाठी ते मिळवणारा तो पहिला जपानी नट ठरला. वय त्रेसष्ट. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात दोघांनी विचारलं, "हा 'जॉन विक'मधला ना?" हो बाबांनो, तोच. पण 'जॉन विक'च्या आधी या माणसाने जन्म काढलाय पडद्यावर.

१९६० साली टोकियोत जन्म. पाचव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर, तोही सनी चिबाबरोबर. चिबा म्हणजे 'किल बिल'मधला तलवारी घडवणारा हातोरी हान्झो, असं सांगितलं की आजच्या पोरांना कळतं. पण तो खरा १९७४ च्या 'स्ट्रीट फायटर'चा चिबा. त्या सिनेमाला अमेरिकेत एक्स सर्टिफिकेट मिळालं ते फक्त हाणामारीपायी, त्यात बाकी 'तसलं' काही नसताना. या चिबाने १९७० मध्ये जपान ॲक्शन क्लब काढला. कल्पना सरळ होती: नटाने उडी स्वतः मारायची, घोड्यावरून स्वतः पडायचं, तलवारही स्वतःच फिरवायची, डमीच्या भरवशावर राहायचं नाही. सानादा तिथे तयार झाला. १९७८ मध्ये दिग्दर्शक किंजी फुकासाकूच्या सिनेमांतून तो मोठा होऊन आला आणि पुढची काही वर्षं निन्जा, सामुराई, अंतराळवीर असं मिळेल ते करत सुटला. परदेशी प्रिंटवर त्याचं नाव 'हेन्री सानादा' असंही असायचं!

आता माझा मुद्दा. तलवार चालवणारे शेकड्याने आहेत. सानादा तलवार चालवायच्या *आधी* काय करतो ते बघा. 'द लास्ट सामुराई'मध्ये (२००३) भर पावसात तो टॉम क्रूझला लाकडी तलवारीने बडवतो तो प्रसंग आठवा. क्रूझ धडपडतोय, चिखलात लोळतोय, पुन्हा उठतोय. सानादाचा उजिओ मात्र दरवेळी काम संपलं म्हणून पाठ फिरवतो आणि दरवेळी त्याला परत यावं लागतं. त्या परत येण्यात राग किती, तुच्छता किती आणि शेवटी शेवटी किंचित आदर किती, हे सगळं चालण्यात आहे. बोलणं जवळपास नाहीच. मारामारीतला अभिनय म्हणतात तो हाच. तुमचा आवडता नट कोणता, आणि कोणता प्रसंग? नुसती नावं नकोत, काय आवडलं ते लिहा.

तांबडापांढरा

पयला नंबर! वाचतोय निवांत, मग लिहितो.

खडीसाखर

मी सानादाला ओळखते ते हाणामारीसाठी नाही, 'रिंग'साठी (१९९८). टीव्हीतून ती बाई बाहेर येते ना, ती ज्याच्या घरात येते तो हाच. कॉलेजच्या होस्टेलवर सगळ्या जणी एका पलंगावर बसून पाहिला होता. नंतर टीव्हीवर चादर टाकून झोपलो.

पण मग त्याचे बाकीचे सिनेमे बघायला लागले तेव्हा लक्षात आलं की हा माणूस दर वेळी मरतो! 'रिंग'मध्ये मेला. 'लास्ट सामुराई'त मेला. 'सनशाइन'मध्ये यानाची ढाल दुरुस्त करताना सूर्याने जाळला. 'वुल्वरिन'मध्ये मेला. '४७ रोनिन'मध्ये सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या. 'लाइफ'मध्ये अंतराळात मेला. 'एंडगेम'मध्ये टोकियोच्या पावसात हॉकआयने मारला, अवघ्या काही मिनिटांची भूमिका. 'जॉन विक ४'मध्येही तेच. धागाकर्ते, यावर प्रकाश टाका.

रात्रपाळी

हसून हसून पुरेवाट. यादी वर पिन करायला हवी. 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्येही (२०२१) पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत मरतो, फक्त तिथे भूत होऊन परत येतो, तेवढीच बढती.

जुना_प्रोजेक्टर

धागा उत्तम. पण जपानी नट आणि तलवार म्हटल्यावर तोशिरो मिफुने यांचे नाव अजून कोणीच घेतले नाही, याचे आश्चर्य वाटले.

मी ज्या पिढीतला आहे तिने हे सिनेमे फिल्म सोसायटीच्या खुर्च्यांवर पाहिले. पुण्यात तेव्हा एखादी जपानी प्रिंट आली की आम्ही सायकली दामटत जायचो. 'सेव्हन सामुराई' (१९५४) सर्वांना माहीत असतो, परंतु धागाकर्त्याच्या 'आधी काय करतो' या मुद्द्यासाठी मी 'सान्जुरो'चा (१९६२) शेवट सुचवेन. दोन माणसे समोरासमोर, हातभर अंतरावर उभी. बाजूला तरुण पोरे बघत आहेत. कोणी हलत नाही. इतका वेळ हलत नाही की प्रेक्षागृहात लोक खुर्चीत चुळबुळ करू लागतात. मग एक झटका, आणि रक्ताचे कारंजे. सारा सामना एका वारात संपतो. दिग्दर्शक कुरोसावांनी त्या शांततेची लांबी वाढवत नेली म्हणून तो वार बसतो.

आणि हे विसरू नये की 'शोगुन'ची पहिली मालिका १९८० ची. तिच्यात तोरानागा, म्हणजे आता सानादांनी केलेला सरदार, होते मिफुने. सानादा ज्या खुर्चीत बसले ती आधी कोणाची होती, हे त्यांना स्वतःला चांगले ठाऊक असणार.

अकरावी_गल्ली

मिफुनेकाका ग्रेटच, पण धागा सानादाचा आहे, तर माझी तक्रार नोंदवून घ्या. हॉलिवूडने या माणसाला वाया घालवलं. खडीसाखर यांची यादी हाच पुरावा. तलवार धरता येणारा जपानी हवा, बोलवा सानादाला, दोन सीन द्या, मारून टाका.

ज्यांना खरा तरणाबांड सानादा बघायचाय त्यांनी 'रॉयल वॉरियर्स' बघा. १९८६, हाँगकाँग. सोबत मिशेल यो, तेव्हा ती जेमतेम चोविशीत. गोष्ट म्हणजे नुसता बहाणा, जपानी पोलीस आणि हाँगकाँगची पोलीस आणि बदला घेणारे गुंड. पण हाणामारी! विमानातली मारामारी बघून घ्या. कॅमेरा मागे उभा राहून अख्खं शरीर दाखवतो, डोक्यापासून पायापर्यंत. कोण कुठून आला, लाथ कुठे बसली, पडला तो कशावर पडला, सगळं दिसतं.

हे हाँगकाँगवाल्यांना जमलं याचं कारण साधं आहे. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ ही सगळी पोरं लहानपणी पेकिंग ऑपेराच्या शाळेत एकाच गुरूच्या हाताखाली मार खात वाढली. कोलांट्या, तोल, ताल हे अंगातच. ज्याला करता येतं त्याचं लपवायचं कशाला? 'पोलिस स्टोरी'त (१९८५) मॉलमध्ये जॅकी दिव्यांच्या माळा लावलेल्या खांबावरून घसरत खाली येतो, ती उडी त्याने पडद्यावर पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या बाजूंनी दाखवली. का? कारण ती खरी आहे, बघून घ्या! उलट त्यानंतरच्या कित्येक हॉलिवूडपटांत एका ठोशात चार कट. नटाला ठोसा येत नाही हे झाकायचं असतं.

गंमत म्हणजे यो आणि सानादा वीस वर्षांनी पुन्हा एकत्र आले, 'सनशाइन'मध्ये. तिथे एकालाही लाथ मारू दिली नाही.

पिंपळपान

वाचनखूण साठवली. चर्चा रंगतेय. 'सनशाइन'बद्दल मात्र असहमत, सानादाचा कॅप्टन मला त्यातला सगळ्यात भारी वाटला. लाथ मारली नाही म्हणून वाया गेला असं कसं म्हणता?

तांबडापांढरा

आता लिहितो. मी कोल्हापूरचा, लहानपणी तालमीत मर्दानी खेळ शिकलोय, लाठी अन् थोडाफार दांडपट्टा. त्यामुळं मी हे पिक्चर जरा वेगळ्या डोळ्यानं बघतो.

आमच्या पट्ट्यात मूठ म्हणजे आख्खा लोखंडी हातमोजा असतो, कोपरापर्यंत येतो. आतली आडवी मूठ धरायची, की मनगट बंद! त्यामुळं पट्टा मनगटानं फिरतच नाही. खांदा, कंबर, पाय, सगळं अंग फिरवायला लागतं. म्हणून तो खेळ गोल गोल, उड्या घेत, चारी बाजूंनी वार. एकट्यानं घोळक्यात घुसायचं हत्यार ते. कटाना, म्हंजे जपानी तलवार, याच्या बरोबर उलटा. दोन हातांनी धरायचा, एका बाजूलाच धार, वाकडं पातं. मारून ओढायचा असतो. म्हणून ते लोक एवढा वेळ नुसते उभे ऱ्हातात. चुकला तर दुसरा वार मिळत न्हाई.

सानादाचे पाय बघा कधी. आमचे वस्ताद म्हणायचे, हत्यार बघू नको, पाय बघ. या माणसाचा मागचा पाय कधी उचलत न्हाई, सरकतो.

अन् 'मॉर्टल कॉम्बॅट'ची सुरुवात! बाकी पिक्चर जाऊ दे तेल लावत, पण ती सुरुवात मी मोबाइलवर किती येळा बघितली असंल. १६१७ सालचं जपान दाखवलंय, बायको बागेत ज्या छोट्या अवजारानं माती खणते, त्यालाच हा दोरी बांधतो अन् फेकून परत ओढतो, फेकून परत ओढतो. अरे हा तर आमचा विटा! आमच्याकडं भाल्याला दोरी बांधून मनगटाला गुंडाळतात, फेकायचा अन् झटका देऊन परत हातात. मी घरात ओरडलो, बायको पळत आली.

शिनकानसेन

तांबडापांढरा भाऊ, विट्याचा मुद्दा कडक! त्या प्रसंगात समोर जो आहे तो जो तास्लिम, इंडोनेशियाच्या ज्यूदो संघात होता आधी. 'द रेड'मध्ये (२०११) पोलीस सार्जंट तोच. म्हणजे दोन्ही बाजूंना खरंखुरं येणारी माणसं, म्हणून तो सामना बाकीच्या सिनेमापेक्षा वेगळा वाटतो.

मी गेली बरीच वर्षं नागोयाला आहे. इथून थोडी वेगळी बाजू सांगते. सामुराईंच्या कथा, ज्याला इथे जिदाइगेकी म्हणतात, त्या एके काळी टीव्हीवर रोज संध्याकाळी असायच्या. 'मितो कोमोन' ही मालिका १९६९ पासून चालू होती, २०११ च्या डिसेंबरात तिचं नियमित प्रसारण संपलं. माझ्या घरमालकीणबाई अजून हळहळतात. मालिका बंद झाल्या की नुसते नट रिकामे होत नाहीत. केसांचे टोप बसवणारे, किमोनो नेसवणारे, तलवारबाजी बसवणारे, घोडे सांभाळणारे, सगळ्यांचं काम जातं, आणि शिकायला नवीन कोणी येत नाही.

म्हणून एमीच्या रात्री 'शोगुन'ला सर्वोत्कृष्ट मालिकेचं पारितोषिक मिळालं तेव्हा सानादा इंग्रजीत न बोलता जपानीत बोलला, आणि आजवर जिदाइगेकी टिकवून ठेवणाऱ्या सगळ्यांचे आभार मानले. तो त्या मालिकेचा निर्माताही आहे. शूटिंग कॅनडात, पण टोप, पोशाख, हालचाली यांसाठी त्याने जपानमधून त्यातली जाणती माणसं नेली. 'लास्ट सामुराई'च्या वेळी शूटिंग संपल्यावरही तो अमेरिकेत थांबून चुका काढत बसला होता. तेव्हा तो नुसता नट होता, ऐकायचं की नाही हे दुसऱ्याच्या हातात. निर्माता झाल्यावर शेवटचा शब्द मिळाला. अकरावी_गल्ली, वाया गेला म्हणता, पण त्या वीस वर्षांत तो हेच तर गोळा करत होता.

आणि खडीसाखर ताई, मरण्याच्या बाबतीत सानादा किस झाड की पत्ती! क्योटोच्या तोएइ स्टुडिओत सेइझो फुकुमोतो नावाचे नट होते. त्यांचं कामच मुळी नायकाच्या तलवारीने मरायचं. "पन्नास हजार वेळा कापला गेलेला माणूस" अशी त्यांची ख्याती. पाठीची कमान करून, हवेत हात फेकून असे मरायचे की नायक मोठा वाटावा. 'लास्ट सामुराई'त क्रूझवर पाळत ठेवणारा, जवळपास काही न बोलणारा म्हातारा सामुराई आठवतो? तेच. २०२१ च्या पहिल्या दिवशी गेले.

खडीसाखर

पन्नास हजार! दंडवत. मी यादी मागे घेत नाही, पण त्यांच्यापुढे मान खाली.

चष्मेबहाद्दर

सगळे 'शोगुन' 'शोगुन' करताय पण मला एक कळत नाही. दहा भाग बघितले, लढाई कुठे आहे? इतका मोठा तलवारबाज घ्यायचा आणि बसवून ठेवायचा. शेवटी सेकिगाहाराची निर्णायक लढाई येणार म्हणून मी पॉपकॉर्न घेऊन बसलो, ती दाखवलीच नाही. निव्वळ फसवणूक.

जुना_प्रोजेक्टर

चष्मेबहाद्दर, ज्यांच्यावर तोरानागा बेतला आहे ते इतिहासातले सरदार तोकुगावा इएयासू लढाईपेक्षा वाट बघण्यासाठीच प्रसिद्ध होते. नटाने ते दाखवले आहे. (शेवटचा भाग न पाहिलेल्यांनी पुढचे वाक्य गाळावे.) कड्यावर आपल्या दगाबाज सरदाराशी, याबुशिगेशी, बोलताना तोरानागा सगळा डाव उलगडतो, त्या वेळी सानादांच्या चेहऱ्यावर जे थोडेसे हलते, त्यासाठी आधीचे नऊ भाग त्यांनी चेहरा राखून ठेवलेला असतो. समोर तादानोबू आसानो आहेत, ते तर जणू प्रत्येक वाक्याला अंग मुरडतात. ती जोडी हीच माझ्या मते त्या मालिकेतली खरी चकमक.

चष्मेबहाद्दर

बरं. पण लढाई हवी होती.

रात्रपाळी

लढाई मलाही हवी होती, खोटं कशाला बोलू.

जुना_प्रोजेक्टर काकांनी चेहऱ्याचा विषय काढलाच आहे, तर ज्या सिनेमासाठी खरं म्हणजे हा धागा काढला त्याबद्दल लिहितो. 'द ट्वायलाइट सामुराई', २००२. दिग्दर्शक योजी यामादा. हा माणूस आयुष्यभर 'तोरा-सान'चे कौटुंबिक विनोदी सिनेमे काढत आला आणि सत्तरीत पहिला सामुराईपट केला. जपानी अकादमीची तेरापैकी बारा पारितोषिकं एकट्याने नेली, ऑस्करला परभाषिक विभागात नामांकन.

सानादाचा सेइबेइ हा सामुराई म्हणजे कोठारातला कारकून. पगार पन्नास कोकू (जपानी माप) तांदूळ, त्यातलं बरंचसं कर्जात. बायको क्षयाने गेलेली, दोन लहान मुली, आई विस्मरणाने ग्रासलेली, स्वतःच्या पोरालाच विचारते, "तुम्ही कोण?" काम संपलं की हा तडक घरी, म्हणून सहकारी चिडवतात. अंगाला वास येतो म्हणून वरिष्ठ बोलतात. अर्धा-पाऊण सिनेमा हा माणूस पिंजरे विणतोय, शेतात राबतोय. ज्या नटाच्या उड्या बघायला आपण जायचो तोच हा, खांदे पाडून बसलेला.

मग एकदा नदीकाठी एका उद्धट सामुराईला नुसत्या काठीने झोपवतो. सगळा मिळून काही सेकंदांचा मामला. आणि शेवटी वरून हुकूम येतो: अमुक एका बंडखोराला त्याच्या घरात जाऊन मार.

(इथून पुढे सगळं फोडतोय. ज्यांना बघायचाय त्यांनी खालचा प्रतिसाद गाठा.)

बंडखोर झालाय मिन तानाका. हा मूळचा नर्तक, सिनेमातलं पहिलंच काम. अंधारं घर, माश्या घोंगावतायत. सेइबेइ आत येतो आणि मारामारी होतच नाही! दोघं बसून बोलतात. बायका कशा गेल्या, मुली, पैसा, गरिबी. बंडखोर मेलेल्या मुलीच्या अस्थीचा तुकडा तोंडात टाकतो. पळून जाऊ दे म्हणतो, आणि सेइबेइ ऐकतोय, त्याला ते पटतंय. तेवढ्यात तो भोळेपणाने सांगून टाकतो की माझी मोठी तलवार बायकोच्या अंत्यविधीसाठी विकली, म्यानात बांबूचं पातं आहे. झालं! समोरच्याचा अपमान होतो. खेळण्यातली तलवार घेऊन मला मारायला आलास?

त्यानंतरची चकमक मी बघितलेल्या सगळ्यांत जास्त घुसमटवणारी आहे. छत खाली, खांब, दारं. सेइबेइकडे आखूड तलवार. कोणी हवेत उडत नाही, दोघंही धापा टाकतायत, जखमी होतायत, भीती वाटतेय हे दिसतंय. शेवटी बंडखोराची लांब तलवार वरच्या तुळईत अडकते आणि तेवढ्यात निकाल लागतो. म्हणजे जिंकला कोण? आखूड तलवार आणि बुटकं छत. सानादाला काय काय करता येतं हे ज्याने आधी पाहिलंय त्यालाच कळतं की इथे त्याने किती सोडून दिलंय.

तांबडापांढरा

हे बघितलंच पायजे. आपल्या शिवकाळावरच्या पिक्चरांत असं कधी दिसणार? इकडं मावळा एक उडी मारतो अन् स्लो मोशनमधी तीन मिनिटं हवेत. घरात, जिन्यात, अंधारात तलवार कशी चालते हे कुणी दाखवतच न्हाई. तालमीतली पोरं आहेत की आमच्याकडं, बोलवा त्यांना.

नाटकवेडी

कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. सानादाने इंग्लंडच्या रॉयल शेक्सपियर कंपनीत 'किंग लिअर' केलंय, १९९९ मध्ये. लिअर नायजेल हॉथॉर्न, दिग्दर्शक युकिओ निनागावा. सानादा विदूषक! एकटा जपानी नट आणि शेक्सपियरची इंग्रजी. आपल्याकडे लिअर म्हटलं की अप्पा बेलवलकर आठवतात, पण विदूषक आठवत नाही कारण 'नटसम्राट'मध्ये तो नाहीच. लिअरला तोंडावर खरं सुनावणारा तोच तर असतो. पुढे ब्रिटिश सरकारने सानादाला मानद एमबीई दिलं.

धागाकर्त्यांचं 'चालण्यातला अभिनय' वाचून वाटलं, हे ॲक्शन क्लबातून आलं तितकंच रंगमंचावरूनही आलं असणार.

अवांतर: 'द व्हाइट काउंटेस' पाहिला का कोणी? शांघाय, १९३० चं दशक, राल्फ फाइन्सबरोबर सानादा. निर्माते आपल्या मुंबईचे इस्माईल मर्चंट. प्रदर्शित होण्याआधीच ते गेले. त्यात एकही ठोसा नाही, आणि खडीसाखर, त्यात तो जिवंत राहतो.

खडीसाखर

सेइबेइ पण लढाईतून जिवंत परततो, हो ना? धागाकर्ते, आईबरोबर बसून काय बघता येईल? तिला रक्त चालत नाही, पण 'ओशिन' ही जपानी मालिका दूरदर्शनवर एकही भाग न चुकवता पाहिलेली आहे.

रात्रपाळी

चकमकीतून परततो, पण पुढचं मी सांगणार नाही. 'ओशिन'वाल्यांना 'ट्वायलाइट सामुराई' हमखास आवडेल, गोष्ट मोठी झालेली धाकटी मुलगी सांगते. शेवटची पंधरा-वीस मिनिटं आईला चहा करायला पाठवा. 'मॉर्टल कॉम्बॅट' आईसमोर लावू नका, जन्मात लावू नका.

अकरावी_गल्ली

'जॉन विक ४'मधल्या ओसाकाच्या हॉटेलबद्दल कोणी लिहीत नाहीये. सानादा विरुद्ध हाँगकाँगचा डॉनी येन! एक साठीचा, एक साठीला टेकलेला. जुने मित्र, दोघांनाही लढायचं नाहीये, दोघांनाही मुली आहेत. शिनकानसेन यांचं म्हणणं अर्धं मान्य, तिथे हॉलिवूडने त्याला वाया नाही घालवलं. दिग्दर्शक स्वतः स्टंटमन होता, त्याला माहीत आहे कॅमेरा मागे ठेवायचा असतो ते.

तरी मारलाच.

शिनकानसेन

यादीत दोन राहिले. 'लॉस्ट'च्या शेवटच्या सीझनमध्ये त्याला पाण्यात बुडवतात. आणि 'रश अवर ३'मध्ये जॅकी चॅनबरोबर आयफेल टॉवरवर तलवारबाजी करून तिथूनच खाली पडतो.

खडीसाखर

लिहून घेतले. 'बुलेट ट्रेन'मध्ये वाचतो, ते वजा करायचं का?

चष्मेबहाद्दर

वजा कशाला, वाचलेल्यांची वेगळी यादी करा. छोटीच होईल.